लिव्हा, मध्यम!

परभणीहून वसमत, जिंतूर, पाथरी आणि गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेची जी गावं आहेत, तिथल्या शेतकऱ्यांना जेवढे प्रश्न विचारले गेलेत तेवढे देशात क्वचितच कुणाला विचारले गेले असतील. याला पुरावा नाही, कारण ‘आपणांस आजवर किती जणांनी प्रश्न विचारले?’ हा प्रश्न अजून कुणाच्याच प्रश्नावलीत आलेला नाही.

कारण मात्र उघड आहे. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं; २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. विद्यापीठ आलं की पदव्युत्तर विद्यार्थी आले, विद्यार्थी आले की प्रबंध आला, आणि प्रबंध विस्तार शिक्षणाचा, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याच्या शास्त्राचा, असला की उत्तरदाते आले. कापसाचं वाण काढणाऱ्याला आपला कापूस विद्यापीठाच्या रानात लावता येतो. विस्तारवाल्याचं पीक गावात पारावर बसलेलं असतं आणि ते तंबाखू मळत ‘कोन्या गावचे?’ असं उलट विचारतं. त्यात भर म्हणून सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे (जुनी माणसं अजून होमसायन्सच म्हणतात), पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे समाजशास्त्रवाले आहेत, बी.एड.वाले, संस्थावाले, खताच्या कंपन्या आणि निवडणूक आली की कल बघणारे आहेत. सगळ्यांना माणसं लागतात. विस्ताराच्या प्रबंधाला साधारण १२० लागतात. आणि सगळ्यांच्या मोटरसायकलीत पेट्रोल बेताचंच असतं.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, म्हणजे शासनाचा हक्काचा प्रश्नकर्ता. जनगणना, शाळाबाह्य मुलं, मतदारयादी, घरी शौचालय आहे का, असलं तर त्यात सरपण ठेवलंय का, हे सगळं आम्हीच विचारत आलो. २०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण निघालं तेव्हा दीडशेच्या वर प्रश्न मोबाइलच्या ॲपमध्ये भरून खात्यानं आम्हाला दारोदार धाडलं होतं. पन्नासाव्या प्रश्नाला घरची बाई चहा ठेवायला उठायची. शंभराव्याला ती आमची कीव करायची. तेव्हा विचारणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे. सांगणाऱ्याची बाजू आमच्या दाजींमुळे कळली.

दाजींचं घर जिंतूर रोडला अगदी डांबरीला लागून. आठ एकर रान, दोन एकर बटईनं. प्रबंधात अशा गावाबद्दल एक ठरलेलं वाक्य असतं, ‘सदर गावाची निवड हेतुपुरस्सर पद्धतीने करण्यात आली.’ हेतू इतकाच की पुढच्या गावाला पावसाळ्यात गाडी जात नाही. परभणी जिल्ह्यात तालुके नऊ. पण पालम-सोनपेठच्या आतल्या गावात एखादा संशोधक पोचला तर तिथं त्याला वीज मंडळाचा माणूस समजतात. दाजींच्या गावात तसं नाही. तिथं लहान पोरंसुद्धा क्लिपबोर्ड बघून सांगतात, “दाजी, तुमचं गिऱ्हाईक आलं.”

दाजींना मुलाखतीचा क्रम पाठ आहे. वय, शिक्षण, जमीन, उत्पन्न, कुटुंब, सामाजिक सहभाग, विस्तार संपर्क, प्रसारमाध्यमं, आर्थिक प्रेरणा, जोखीम, मग ज्ञान, मग अवलंब, शेवटी अडचणी आणि सूचना. एकदा एका घाबरलेल्या पोरानं एक पान उलटं लावलं होतं. दाजी म्हणाले, “बाळा, सामाजिक सहभाग ऱ्हायला तुमचा. लिव्हा, सोसायटीचा सभासद. पदाधिकारी न्हाई.”

आता ही प्रश्नावली जन्माला कशी येते ते सांगतो. पुस्तकात लिहिलंय की आधी संशोधनाचे उद्देश ठरवावेत, त्यातून चल घटक काढावेत, प्रत्येकाची मोजपट्टी ठरवावी, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. प्रत्यक्षात ग्रंथालयातून मागच्या एखाद्या वर्षाचा प्रबंध काढतात आणि ‘कपाशी’च्या जागी ‘सोयाबीन’ घालतात. संगणक हे काम क्षणात करतो, पण त्याला शेती कळत नाही. त्यामुळे एका प्रश्नावलीत ‘सोयाबीनवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावता का?’ असा प्रश्न शाबूत राहिला होता. गावातले निम्मे लोक ‘हो’ म्हणाले. पाहुण्याला कशाला नाराज करायचं? विचारणारा पोरगा लेकरासारखा, उन्हातून आलेला, त्याच्या तोंडाकडं बघून ‘नाही’ म्हणवत नाही. शास्त्रात याला होकाराचा कल म्हणतात, आमच्याकडं माणुसकी म्हणतात, आणि आकडे दोन्हीमुळं सारखेच बिघडतात.

म्हणून तर पूर्वचाचणी असते. प्रश्नावली छापण्याआधी ती दहा-वीस अशा माणसांना विचारून बघायची, जी खऱ्या नमुन्यात येणार नाहीत पण त्यांच्यासारखीच असतील. बियाण्याच्या बाबतीत हीच गोष्ट मृगाच्या आधी दाजी दरवर्षी करतात. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, मग मोड मोजायचे. ७० उगवले तर बियाणं पेरायचं, त्याच्या खाली आले तर मोंढा दाखवायचा. प्रश्नांचंही तेच. फरक एवढाच की न उगवलेला दाणा दाजी पेरत नाहीत. न उगवलेला प्रश्न मात्र ‘सरांनी सांगितलाय’ म्हणून प्रबंधात तसाच पेरला जातो.

पूर्वचाचणी बघायला मजा येते. पहिला प्रश्न वय. यात कुणाची फसगत होईल असं वाटत नाही, पण होते. दाजींच्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. ही आमच्या खात्याची करामत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दात बघितले, उंची बघितली आणि १ जून लिहून टाकला. म्हणून जाणता सर्वेक्षक वय विचारत नाही, प्रसंग विचारतो. रझाकाराच्या वेळी तुम्ही होतात का? बाहत्तरच्या दुष्काळात काय करत होतात? किल्लारीचा भूकंप झाला, १९९३ साली, तेव्हा लग्न झालं होतं का? हिंगोली वेगळी झाली तेव्हा, म्हणजे १ मे १९९९ ला, थोरलं लेकरू केवढं होतं? दाजी बाहत्तरला सुकडी खायला ओळीत उभे होते आणि वाढणाऱ्यानं त्यांना मोठ्यांच्या ओळीतून काढून लेकरांच्या ओळीत बसवलं होतं. यावरून त्यांचं वय आधार कार्डापेक्षा अचूक निघतं.

मग जमीन. फॉर्मवर हेक्टर छापलेलं असतं. सातबाऱ्यावरही हेक्टर-आर असतात, पण बोलण्यात हेक्टर आणणारा माणूस या जिल्ह्यात मी पाहिलेला नाही. सोयाबीनखालचं क्षेत्र विचारलं तर उत्तर येतं, “तीन बॅगा.” एकराला एक बॅग बियाणं लागायचं, त्यामुळं बॅग हेच क्षेत्र झालं. उत्पादनही बॅगेवरच, ‘बॅगेला सहाचा उतार पडला’ म्हणजे एकरी ६ क्विंटल. यातून हेक्टरी किलो काढायला पोरगं मोबाइल काढतं आणि अडीचनं गुणायच्या जागी भागतं. मग परभणीतला शेतकरी फारच मागासलेला निघतो.

कुटुंबाचा प्रकार हा तर दोनच रकान्यांचा प्रश्न आहे, विभक्त की संयुक्त. पूर्वचाचणीत एका गृहस्थांनी सांगितलं, “चुली तीन. ट्रॅक्टर एक. सातबारा बापाच्या नावावर. धाकला पुण्याला, पन पोतं इथून नेतो. मधल्यासंगं बोलचाल बंद, पन हिरीला मोटर त्याचीच.” विद्यार्थ्यानं पेन वर धरलं आणि विचारलं, “मग काय लिहू?” “कोर्टात केस हाये म्हनून लिव्हा.”

उत्पन्नाचं काही बोलायलाच नको. केशरी रेशन कार्ड १५ हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्याला मिळतं. त्यामुळं जिल्ह्यात कुणालाही उत्पन्न विचारा, ते लाखाच्या आत असतं. दाराशी चारचाकी उभी असेल तर ती मेव्हण्याची असते. यात खोटेपणा म्हणाल तर तो शासनानंच शिकवलेला आहे. इथं प्रत्येक उत्तराला भाव आहे हे माणसाला पिढ्यान्‌पिढ्या कळलंय. पीक चांगलं आलं म्हटलं की पैसेवारी ५० च्या वर जाते आणि सवलती जातात. जमीन जास्त सांगितली की यादीतून नाव कटतं. जो माणूस कागद घेऊन दारात आला तो काहीतरी द्यायला तरी आला किंवा न्यायला तरी आला. नुसतं ऐकायला आलाय यावर कोण विश्वास ठेवील?

म्हणूनच आपल्याकडचे काही शहाणे लोक विचारण्याऐवजी मोजायला लागले. साताऱ्याकडच्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी पीक कापणीची पद्धत बसवली. शेतकऱ्याला किंवा पटवाऱ्याला उत्पन्न विचारायचंच नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं रान निवडायचं, त्यात मोजून चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं आणि तराजूवर घालायचं. चौकोन किती मोठा असावा यावरून सुखात्मे आणि महालनोबिस या दोन थोर संख्याशास्त्रज्ञांत चांगलाच वाद झाला होता. आज पीकविम्यासाठी हाच कापणी प्रयोग गावोगाव होतो, आणि तो चौकोन नेमका कुणाच्या रानात पडावा यावरून होणारी भांडणं त्या वादापेक्षा जोरदार असतात.

पण मन काही तराजूवर घालता येत नाही. मत विचारावंच लागतं. त्यासाठी रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन माणसानं १९३२ साली एक पट्टी काढली. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. एक विधान वाचायचं आणि पाचांतला एक रकाना भरायचा. जगभर ती चालते. परभणीत ती वाचून दाखवली की समोरचा पहिल्यांदा विचारतो, “तुमचं काय म्हननं हाये?” संशोधकानं आपलं मत सांगायचं नसतं. तो गप्प बसतो. मग समोरचाही गप्प बसतो. शेवटी तटस्थवर खूण होते.

‘शेती हा फायद्याचा व्यवसाय आहे’ हे विधान दाजींपुढं आलं तेव्हा दाजी म्हणाले, “कुनाला?” या उत्तराला पाचांतला एकही रकाना बसत नाही, पण मला विचाराल तर शेती अर्थशास्त्रातला याहून नेमका प्रश्न नाही. जोखमीचं तसंच. जोखीम पत्करण्याची वृत्ती मोजायला सुपे यांची १९६९ सालची मोजपट्टी विस्ताराचे विद्यार्थी अजून लावतात. मोजपट्टी चांगली आहे, तिच्या जोरावर कितीतरी पदव्या झाल्यात. पण ‘जास्त धोका पत्करणारा शेतकरी जास्त यशस्वी होतो का?’ असं कोरडवाहू शेतकऱ्याला विचारायचं म्हणजे अवघडच. दाजी म्हणाले, “आमी धोका पत्करत न्हाई बाळा. पेरतो. धोका आपसूक येतो.”

आर्थिक-सामाजिक दर्जाची एक पट्टी पारीक आणि त्रिवेदी यांनी १९६० च्या दशकात बांधली. त्या काळाला ती अगदी चोख होती. बैल किती, बैलगाडी आहे का, सायकल, रेडिओ, खुर्च्या यांना गुण. ती आज जशीच्या तशी लावली तर काय होतं बघा. दाजींच्या शेजाऱ्यानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला. बैलगाडी मोडून सरपणाला घातली. गाडीचे गुण गेले. रेडिओ नाही, सायकल नातवाची, तीही छोटी. माणूस दोन मजली घरात बसून वस्तूंच्या रकान्यांत दरिद्री निघाला. त्याच गल्लीत एक म्हातारा आहे, दोन बैल, एक छकडा, खाटेखाली जुना रेडिओ. परभणी आकाशवाणी लागते त्यावर. त्याला गुण पडले भरपूर. त्याला ही बातमी सांगितली तेव्हा त्यानं विचारलं, “मंग काही भेटंल का?”

आता एका वाणाची गोष्ट. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सिनसिनाटीच्या काही संशोधकांनी लोकांना ‘१९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा’ रद्द करावा का, असं विचारलं. असा कायदाच नव्हता. तरी जवळपास एक-तृतीयांश लोकांनी मत दिलं. हे वाचलेल्या एका गाईडनं आपल्या विद्यार्थ्याच्या यादीत सोयाबीनच्या खऱ्या वाणांच्या मध्ये एक बनावट वाण बसवलं. एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस १६२, पूर्णामाई, एमएयूएस ६१२. यातली चार विद्यापीठाची, पूर्णामाई सरांच्या डोक्यातली. कुठलं ऐकलंय, कुठलं पेरलंय? पूर्णामाई बऱ्याच जणांनी ऐकलं होतं. एकाच्या मेव्हण्यानं पेरलंही होतं, उतार बरा होता, पण दाणा बारीक. दाजींकडं यादी आली तेव्हा दाजींनी चष्मा लावला, बोट चौथ्या नावावर ठेवलं आणि म्हणाले, “हे न्हाई निघालेलं. तुमच्या सरांनी घातलंय नं? आमाला बघायला?” पोरगं गोंधळून गेलं. प्रश्नावली उत्तरदात्याची परीक्षा घेते हे त्याला शिकवलं होतं, उत्तरदाता पेपर फोडतो हे नव्हतं.

तज्ज्ञमंडळी याच्यापुढं विश्वसनीयता काढतात. प्रश्नांचे सम आणि विषम असे दोन भाग करून दोन्हींचे गुण जुळतात का बघतात. ली क्रॉनबाख यांचा १९५१ सालचा अल्फा काढतात. किंवा पंधरा दिवसांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारतात. या शेवटच्या पद्धतीवर दाजींचा आक्षेप आहे. “तवा पाऊस नव्हता. आता झाला. उत्तर तेच कसं ऱ्हाईल?” फक्त एका प्रश्नाचं उत्तर त्यांचं कधीच बदलत नाही, ते म्हणजे उत्पन्न. गेली कित्येक वर्षं ते ९५ हजार आहे. पाऊस होवो न होवो, भाव चढो पडो. विश्वसनीयतेच्या कसोटीला यापेक्षा पक्कं उत्तर मिळणार नाही. ते खरं आहे का, ही कसोटी वेगळी असते, आणि ती लावायला सहसा वेळ उरत नाही.

बायकांकडं प्रश्नावली गेली की वेगळीच गंमत. सामुदायिक विज्ञानच्या मुली गावात येतात, पदर-ओढणी सावरून ओट्यावर बसतात आणि विचारतात, “ताई, तुम्ही काय काम करता?” ताई म्हणतात, “काही न्हाई, घरीच असते.” बोलताना हाताला कापसाच्या बोंडाचे ओरखडे दिसत असतात. ती पहाटे उठलेली, पाणी भरलेलं, भाकरी थापल्या, शेण काढलं, वेचणीला जाऊन आली आणि आता तूर निवडतेय. पण ‘काही न्हाई.’ राष्ट्रीय नमुना पाहणीत यासाठी आकडेच आहेत. नुसतं घरकाम करणाऱ्या बाईला ९२, आणि घरकामाबरोबर सरपण, शेण, चारा, शिवणकाम असं घरासाठी काही करणारीला ९३. म्हणजे सरपणाच्या मोळीची किंमत एक आकडा.

यातली एक मुलगी मात्र हुशार निघाली. पूर्वचाचणीत दोन-चार ‘काही न्हाई’ ऐकल्यावर तिनं प्रश्नच बदलला. “ताई, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सांगा.” मग जे सुरू झालं ते लिहायला तिला पुरवणी कागद लागले. देशपातळीवर २०१९ साली वेळेच्या वापराची जी पाहणी झाली तीही याच वाटेनं गेली होती, आदल्या दिवसाचा हिशेब तासाच्या भागाभागानं मागत. आता त्या मुलीपुढं उरली एकच अडचण, सासूबाई. प्रश्न सुनेला असतो, उत्तर सासू देते. मुलीनं यावरही उपाय काढला. मैत्रिणीला सोबत आणायची, दुसरी कोरी प्रश्नावली घेऊन ती सासूबाईंना ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसवून विचारायची. सासूबाई खूश, सून मोकळी, आणि दोन्ही कागद ताडून बघितले तर एकाच घरात दोन वेगळे संसार चाललेत असं वाटायचं. माझ्या मते पदवी त्या कल्पनेलाच द्यायला हवी होती. प्रबंधात तिचा उल्लेख नाही.

आरोग्याच्या पाहण्या थोडक्यात सांगतो. तंबाखू खाता का, या प्रश्नाला ‘न्हाई’ असं उत्तर येतं आणि ते नीट ऐकू येत नाही, कारण तोंडात तंबाखू असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवाले याबाबतीत पोचलेले. ते ‘हात धुता का’ एवढ्यावर थांबत नाहीत, ‘हात धुता ती जागा दाखवा’ म्हणतात आणि तिथं पाणी-साबण आहे का ते स्वतः बघतात. गुराढोरांच्या पाहणीत दूध विचारलं की प्रत्येक म्हशीचं दूध निम्म्यावर येतं. दृष्ट लागते. आणि आकडा सांगितलाच तर तो काढलेल्या दुधाचा की पारडू प्यायलं ते धरून, हे विचारायचं राहून जातं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. हा सगळा उपद्व्याप झाल्यावर, १२० कागद भरून झाल्यावर, निष्कर्ष काय निघतो? तुम्ही विस्तार शिक्षणाचा कुठलाही प्रबंध काढा. बहुसंख्य उत्तरदात्यांचं ज्ञान मध्यम. बहुसंख्यांचा अवलंब मध्यम. विस्तार संपर्क मध्यम, जोखीम वृत्ती मध्यम, आर्थिक प्रेरणा मध्यम. आमचे दाजी कित्येक प्रबंधांतून गेलेत आणि प्रत्येक वेळी मध्यमच निघालेत.

यात दाजींचा दोष नाही. दोष वर्गवारीच्या पद्धतीचा आहे. सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढायची. गुण सरासरीभोवती किती पसरलेत तेही काढायचं, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. मग सरासरीतून एक विचलन वजा केलं की त्याच्या खाली ‘कमी’, एक मिळवलं की त्याच्या वर ‘जास्त’, आणि मधले सगळे ‘मध्यम’. आता गुण नेहमीसारखे पसरलेले असले की शंभरातले साधारण ६८ या मधल्या पट्ट्यात पडतातच. हे गणितच आहे. सोयाबीन विचारा, रेशीम विचारा, मोबाइल विचारा. परभणीत विचारा की पॅरिसमध्ये. पोरानं मोटरसायकलला किक मारायच्या आधीच बहुसंख्य माणसं मध्यम असल्याचं ठरलेलं असतं. उद्या सगळ्या जिल्ह्याचं ज्ञान दुप्पट झालं तरी सरासरी वर सरकेल, पट्टाही वर सरकेल आणि दाजी मध्यमच राहतील.

हे मी दाजींना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे गुरुजी, समद्यांनी बीजप्रक्रिया केली तरी मध्यम, आन्‌ कुनीच न्हाई केली तरी मध्यम?” हो म्हटलं. तेव्हापासून दाजी चौथं-पाचवं पान आलं की स्वतःच सांगून टाकतात, “लिव्हा, मध्यम. तुमचं बी पेट्रोल वाचंल.”

आणि खरी मेख शेवटच्या पानावर असते. ‘अडचणी’ आणि ‘सूचना’, प्रत्येकी दोन ओळी. सव्वा तास होय-नाही करून कंटाळलेला माणूस इथं पहिल्यांदा बोलायला लागतो. थ्री फेजची लाइट रात्री येते आणि रात्री पाणी धरायला जाताना साप निघतो. रोही कळपानं येतात, रानडुकरं तुरीत लोळतात. वेचणीला बाई मिळत नाही, मिळाली तर भाव परवडत नाही. मोंढ्यात सोयाबीन नेलं की ओलावा जास्त निघतो, तीच पोती व्यापाऱ्याच्या गोदामात गेली की कोरडी होतात. पोराचं लग्न जमत नाही कारण पोरगा शेती करतो. विद्यार्थी दोन ओळींत लिहितो, ‘१. वन्यप्राण्यांचा त्रास. २. मजुरांची कमतरता.’ बाकीचं ‘इतर’मध्ये. सोयरीक न जमणं ‘इतर’मध्येच जातं, कारण गेल्या प्रबंधात तो रकाना नव्हता.

पूर्वचाचणीत हे सगळं ऐकायला मिळतं. तिथं विद्यार्थी अजून घाईत नसतो, प्रश्न अजून कच्चे असतात, आणि माणसं मध्येच हसतात, चिडतात, प्रश्न दुरुस्त करून देतात. पण ते कागद टाकून देतात. प्रबंधात त्यावर एकच ओळ येते, ‘पूर्वचाचणी घेऊन आवश्यक ते बदल करण्यात आले.’ गावानं तासभर डोकं लावून दिलेलं शहाणपण त्या एका ओळीखाली गाडलेलं असतं.

तेव्हा गाईड सरांना आणि मॅडमना दाजींच्या वतीनं विनंती. जूनमध्ये पोरं पाठवू नका, मृगाच्या वेळी तिफणीमागं चालणाऱ्याला आर्थिक प्रेरणा विचारणं बरं नव्हे. पोळा झाल्यावर पाठवा, आणि एकदा तरी पालम-सोनपेठलाही पाठवा. पूर्वचाचणीचे कागद परिशिष्टात छापा. आणि ज्ञानाची वर्गवारी सरासरीवर करण्याऐवजी पक्की खूण लावून करा. सोयाबीनला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम हा क्रम ज्याला न चुकता सांगता येतो, त्याला सरळ ‘उच्च’ लिहा, मग त्यात अख्खं गाव आलं तरी हरकत नाही.